शुगर असलेल्यांनी दाणे खावेत का? आप्पांच्या निमित्ताने

गिरणाकाठ

राम राम मंडळी.

माझ्या वडिलांना, आप्पांना, शुगर निघून यंदा १६ वर्षं झाली. वय ७१. मागच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेतातून आले, ओसरीवर बसले आणि टॉवेलने घाम पुसत म्हणाले, पित्त खवळलं वाटतं. छातीत दुखत नव्हतं, हात भरून आला नव्हता. आईने लिंबू-सोडा करून दिला. सदरा पिळून काढावा इतका घाम होता, तरी आम्ही सगळे पित्तच धरून बसलो. जळगावला पोचेपर्यंत चार तास गेले. हार्ट अटॅक निघाला. एक स्टेंट पडला, आप्पा वाचले.

दवाखान्यातून निघताना आहाराचा एक झेरॉक्स कागद हातात मिळाला. त्यावर 'बंद' असं लिहून खाली साखर, गूळ, तूप, डालडा, तळलेलं आणि त्याच ओळीत 'शेंगदाणे व सर्व सुका मेवा'. कुणी समजावून सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आईने त्याच संध्याकाळी दाण्यांचा डबा शेजारी देऊन टाकला.

खान्देशातल्या स्वयंपाकघरातून दाणा काढला की काय उरतं ते तुम्हाला सांगायला नको. ठेच्यात दाणा, भरितात दाणा, मेथीच्या भाजीला कूट, भाकरीवर चटणी. आप्पांनी वर्षभर बिनदाण्याचं भरीत खाल्लं. एकदाच ताट सरकवत म्हणाले, "दाणा बिगर भरीत, ते भरीत शे का?" पण नुकसान दुसरीकडेच झालं. चार वाजता चहाबरोबर ते भाजलेल्या शेंगा फोडत बसायचे, त्या जागी टोस्ट आले. मग खारी. मग 'शुगरवाल्यांना चालतात' म्हणून मेडिकलमधून आणलेली बिस्किटं. वर्षभरात एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ७.४ वरून ८.३ वर गेलं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आप्पांचं दिवसभराचं खाणं विचारलं आणि पेन थांबवून म्हणाले, "दाणे कुणी बंद केले?" मी तो कागद दाखवला. त्यांनी सांगितलं, बिनमिठाचे दाणे रोज मूठभर सुरू करा, फक्त टोस्ट-खारीच्या जागी.

घरी आल्यावर वाचायला बसले. अमेरिकेत परिचारिका आणि पुरुष आरोग्यसेवक यांच्या दोन पाहण्या कित्येक दशकं चालू आहेत. त्यातल्या टाइप टू मधुमेह असलेल्या १६,२१७ जणांचा हिशोब 'सर्क्युलेशन रिसर्च' या नियतकालिकात २०१९ मध्ये आला. आठवड्यात पाच किंवा जास्त वेळा, दर वेळी २८ ग्रॅम दाणे किंवा बदाम-अक्रोडासारखा मेवा खाणाऱ्यांची तुलना महिन्यातून एकदाही न खाणाऱ्यांशी केली, तर हृदयविकार आणि पक्षाघात मिळून १७ टक्के कमी, हृदयरोगाने व पक्षाघाताने होणारे मृत्यू ३४ टक्के कमी. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट: शुगर निघाल्यानंतर ज्यांनी हे खाणं वाढवलं, त्यांच्यातही न वाढवणाऱ्यांपेक्षा धोका ११ टक्के कमी दिसला. म्हणजे उशीर झाला असं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे शुगर आणि हार्टच्या पेशंटचे दाणे सरसकट बंद केले जातात, आणि त्या जागी काय येतं याकडे कुणी बघत नाही. तुमच्या घरी काय अनुभव आहे?

पांझराकाठ

ताई, आप्पा सावरले हे वाचून बरं वाटलं. माझ्याही भावाला असाच बिनदुखीचा अटॅक आला होता. त्याला नुसता दम लागत होता आणि तीन दिवस थकवा. शुगर जुनी असली की नसा बधिर होतात, दुखणं जाणवतच नाही. हे गावागावात सांगायला हवं.

पण दाण्याचं माझ्या डोक्यात बसत नाही. आम्ही धुळ्याला घाण्यावर दाणे नेतो, अडीच किलोत किलोभर तेल निघतं. इतकं तेल पोटात गेल्यावर कोलेस्टेरॉल वाढणार नाही का?

तापीतीर

मी तालुक्याच्या गावी १९ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. रोजच्या ओपीडीत निम्म्याहून जास्त पेशंट शुगर-बीपीचे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पांझराकाठ, तुमचा प्रश्न रास्त आहे. शंभर ग्रॅम दाण्यांत ४९ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. पण त्यातला संपृक्त, म्हणजे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढवणारा भाग फक्त सहा-सात ग्रॅम. बाकीचा असंपृक्त, तो संपृक्ताच्या जागी आला की एलडीएल खाली येतं. कोलेस्टेरॉल तर कुठल्याही झाडपाल्याच्या पदार्थात नगण्यच असतं. आता याच्याशेजारी सुकं खोबरं ठेवा. शंभर ग्रॅम खोबऱ्यात सुमारे ६५ ग्रॅम स्निग्धांश आणि त्यातला बहुतेक सगळा संपृक्त. आपल्या काळ्या मसाल्यात खोबरं भाजून घालतात. त्या कागदावर दाणे बंद होते, खोबरं बंद होतं का? माझ्या पेशंटच्या कागदांवर मी तरी ते कधी वाचलेलं नाही.

दुसरं, दाण्यात नुसतं तेल नसतं. शंभर ग्रॅममागे २५-२६ ग्रॅम प्रथिनं, आठ ग्रॅमच्या वर चोथा (फायबर), शिवाय मॅग्नेशियम. कर्बोदकं कमी आणि ती हळूहळू उतरतात, म्हणून खाल्ल्यावर शुगर उसळत नाही. घाण्यावर तेल काढलं की चोथा आणि प्रथिनं पेंडीत जातात आणि ढोरांना मिळतात. त्यामुळे "आम्ही घाण्याचं तेल खातो" म्हणजे दाणे खाल्ले असं होत नाही.

एलडीएल किती उतरतं? २०१० मध्ये सात देशांतल्या २५ प्रयोगांचा एकत्र हिशोब छापून आला. रोज सरासरी ६७ ग्रॅम मेवा खाल्ल्यावर एलडीएल ७.४ टक्क्यांनी कमी झालं. हे चांगलं आहे, पण कोलेस्टेरॉलसाठी देतात ती स्टॅटिनची मध्यम ताकदीची गोळी ३० टक्क्यांच्या वर उतरवते. म्हणून हात जोडून सांगतो, दाणे सुरू केले म्हणून गोळी थांबवू नका. स्टेंट असलेल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने बंद केली आणि स्टेंट आतून बंद झाला, असं मी माझ्या डोळ्यांसमोर पाहिलंय. पेशंट ५४ वर्षांचा होता.

तिसरं, ताईंनी दिलेला अभ्यास निरीक्षणाचा आहे. कोण काय खातं ते विचारायचं आणि वर्षानुवर्षं बघत राहायचं. नियमित मेवा खाणारा माणूस बहुधा चालतोही जास्त, विडी-सिगारेटही कमी ओढतो. अभ्यासकांनी या गोष्टींची वजाबाकी केली, पण अशी वजाबाकी पूर्ण होत नाही. म्हणून ३४ टक्के हा आकडा तंतोतंत धरू नका, दिशा धरा. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला मोठा प्रयोग स्पेनमधला, 'प्रेडिमेड'. साडेसात हजारांच्या आसपास माणसं, त्यातल्या जवळपास निम्म्यांना मधुमेह. एका गटाला रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून धोका ३० टक्क्यांच्या आसपास कमी झाला. पण तो २०१३ चा लेख गट पाडण्यातल्या चुकांमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये नव्याने छापावा लागला. निष्कर्ष तोच राहिला, तरी ही गोष्ट लपवू नये.

केळीची_वाडी

डॉक्टर, छान लिहिलंत. एक शंका. आम्ही रावेरकडचे, आमच्याकडे दाणा रोजच पोटात जातो. तरी माझ्या भाऊबंदकीत घराघरात शुगर आणि स्टेंट. मग दाण्याने काय केलं?

तापीतीर

रोज किती आणि कशाबरोबर, ते बघा. भाजीतल्या कुटाचा वाटा माणशी एक-दोन चमचे येतो. शेवभाजीत दाण्याचं वाटण असतं, पण वर शेव तळलेली, तर्री बोटभर आणि बरोबर पाव. वरण-बट्टीला तळलेली बट्टी आणि वर तूप. हे दाणे खाणं नाही. संध्याकाळच्या भुकेला शेव-मुरमुरे खाणारा माणूस त्याऐवजी २५-३० ग्रॅम भाजलेले दाणे खाईल तेव्हा फरक पडेल. आणि आता बागेत मजूर काम करतात, मालक मोटरसायकलवर फिरतो. आजोबांच्या पिढीचा घाम आपल्याकडे राहिला नाही. माझाही नाही.

गिरणाकाठ

डॉक्टरांनी 'त्याऐवजी' म्हटलं ते मलाही वाचताना फार पटलं. कॅनडातल्या टोरंटोचा २०११ मधला एक प्रयोग आहे. टाइप टू असलेले ११७ जण, तीन महिने. एका गटाला रोज सुमारे ७५ ग्रॅम बिनमिठाचा मिश्र मेवा दिला, त्यात शेंगदाणेही होते. दुसऱ्याला तेवढ्याच उष्मांकाचे कणकेचे मफिन. मेवा खाणाऱ्यांचं एचबीए१सी ०.२१ ने उतरलं आणि एलडीएलही कमी झालं. ०.२१ दिसायला थोडं आहे, पण मला त्या मफिनच्या जागी आप्पांचे टोस्ट दिसले. वर्षभर आमच्या घरी हाच प्रयोग उलटा चालू होता.

खापर

मी अमळनेरची. सासूबाईंना शुगर आहे, २०१७ मध्ये बायपास झाली. आमच्या घरी दाणे कधीच बंद केले नाहीत, पण मोजणं नव्हतं, त्यामुळे वजन वाढत गेलं. सासूबाई दुपारी सीरियल बघत डबा मांडीवर घ्यायच्या आणि डबा अर्धा व्हायचा.

मग मी सराफाकडे असतो तसा छोटा वजनकाटा घेतला. सासरे, नवरा, सासूबाई आणि मी, सगळ्यांच्या मुठी मोजल्या. सासऱ्यांच्या मुठीत ५२ ग्रॅम दाणे आले, माझ्या मुठीत २९. शेतात राबलेला हात आणि बाईचा हात, दोघांनाही डॉक्टर 'मूठभर' सांगणार. म्हणून मूठ विसरा, वाटी धरा. आमच्याकडे लग्नात मिळालेल्या छोट्या स्टीलच्या वाट्या आहेत, हळद-कुंकवाला वापरतात तशा. ती वाटी काठापर्यंत भरली की बरोबर ३० ग्रॅम. मी त्यातले दाणे मोजलेसुद्धा, ६८ भरले.

सकाळीच वाटी भरून ठेवते. ती दिवसभरात कशीही संपवा, चटणीला घ्या, कुटाला घ्या, नुसते खा. संपली की संपली. त्याहून चांगलं म्हणजे शेंगा द्या. तेवढ्याच दाण्यांसाठी तीस-पस्तीस शेंगा फोडाव्या लागतात, अर्धा तास जातो, हात थांबत नाहीत आणि पोट भरल्याचं तोपर्यंत कळतं. सासूबाईंचे खालचे दात गेलेत, त्यांना आख्खे दाणे देत नाही, ठसका लागतो. जाडसर कूट ताकात किंवा कोशिंबिरीत.

आणि फुफाट्यात भाजलेले घरचे दाणे वेगळे, गाडीवरचे खारे वेगळे. त्यातल्या मिठाने बीपी वाढतं. 'खारे दाणे म्हणजे दाणेच ना' म्हणणाऱ्या सासूबाईंना हे समजावताना मला चार महिने लागले.

वाघूर

कृपया एक गोष्ट धाग्यात वर घ्या. माझ्या आईची शुगर २२ वर्षांची, किडनीवर परिणाम झालाय. क्रिएटिनिन (किडनीचं काम कळणारी रक्ताची तपासणी) २.१ आहे. कुणीतरी सांगितलं बदाम ताकद देतात म्हणून रोज भिजवलेले बदाम, दाणे, वर नारळपाणी सुरू होतं. रक्तात पोटॅशियम वाढलं आणि दोन दिवस ॲडमिट करावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, दाणे-बदामात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही बरंच असतं, चांगल्या किडनीला त्याचं काही नाही, अशक्त किडनीला ते बाहेर टाकता येत नाही.

तापीतीर

वाघूर यांनी लिहिलं ते माझ्याच हातून राहून गेलं होतं. जुनी शुगर असेल तर आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा, मग वाटी ठरवा. पोटॅशियम साठवणाऱ्या बीपीच्या काही गोळ्याही असतात, त्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी अर्थातच नाही. आणि शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना टोस्ट-भाकरी एकदम कमी केली तर शुगर खाली जाऊ शकते. हात थरथरले, दरदरून घाम आला तर त्या वेळी दाणे कामाचे नाहीत, साखर-पाणीच द्यायचं. दाण्याने शुगर हळू चढते, हा त्याचा गुण तेव्हा उपयोगाचा नसतो.

आसोदा_ते_ठाणे

मी आसोद्याचा, २६ वर्षं ठाण्यात. दर दिवाळीला गावी आईसाठी बदाम-अक्रोड-पिस्त्यांचा किलोचा पुडा नेतो. आईलाही शुगर आहे. गेल्या वर्षी फडताळ आवरताना मागच्या दिवाळीचा पुडा तसाच सापडला. त्याच्या मागच्या वर्षीचाही. म्हणाली, पाहुणे आले तर लागतील, एवढ्या महागाचं मी एकटी खाऊ का? अक्रोड काळे पडले होते, वास येत होता. मी चुलीजवळ बसून किती तरी वेळ तो पुडा हातात धरून होतो.

बदाम दाण्यापेक्षा खरंच इतके चांगले आहेत का की तिला बळजबरी करावी?

गिरणाकाठ

दादा, तुमचं वाचून पोटात तुटलं. आमच्या आईचं हेच आहे.

त्या २०१९ च्या अभ्यासात झाडावरच्या मेव्याचा, म्हणजे अक्रोड, बदाम, पिस्ता, काजू यांचा हृदयाशी संबंध जास्त ठळक होता. शेंगदाण्याचा संबंध एकूण मृत्यू कमी असण्याशी दिसला, नुसत्या हृदयविकाराशी तितका स्पष्ट नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याला दाण्याचं प्रेम आहे म्हणून त्याची बाजू वाढवून सांगायची नाही. शेंगदाणा मुळात कडधान्याच्या कुळातला, जमिनीखाली लागणारा. पण त्याची चरबी, चोथा, प्रथिनं या मेव्याच्या जवळची आहेत. माझा आपला अंदाज, तिकडे शेंगदाणा बराचसा खारवलेला खातात, त्याचाही परिणाम असेल.

आमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं: पाच दिवस दाणे, दोन दिवस अक्रोड किंवा बदाम, परवडेल तसं. अक्रोडात ओमेगा-३ चा एक प्रकार असतो, तो दाण्यात नाही. एका किलो बदामाच्या पैशात पाच-सहा किलो दाणे येतात. जी माय बदाम पाहुण्यांसाठी ठेवते तिच्यासाठी दाणाच खरा, तो ती पोटात घालेल. आणि बदाम भिजवून सालं काढून खायची गरज नाही. त्या सालीतही चोथा असतो. दातांना सोपं जावं म्हणून भिजवले तर हरकत नाही.

केळीची_वाडी

मग खजूर, मनुका, अंजीर? दुकानात तर सगळं एकाच ड्रायफ्रूटच्या बरणीत.

तापीतीर

बरणी एक, जात वेगळी. ती वाळवलेली फळं, त्यांत साखर एकवटलेली. शुगरवाल्यांनी ती मेव्यात धरू नयेत. काजू चालतात, पण बदामापेक्षा कर्बोदकं जास्त, म्हणून कमी. चिक्की आणि गूळ-दाणा यांत दाण्याइतकाच गूळ असतो. एकादशीची साबुदाणा खिचडी दाण्यामुळे हलकी होत नाही, साबुदाणा शुगर चढवायचा तो चढवतोच. उपास सोडवत नसेल तर दाण्याची आमटी, काकडी, ताक, आणि भगर थोडीच.

सातपुडा

शहाद्याहून लिहितो. आमच्या घरची उन्हाळी भुईमुगाची शेती आहे, म्हणून शेतकऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी.

शेंगा काढायच्या वेळी वळवाचा पाऊस झाला आणि ओल्याच पोत्यात भरल्या की आत हिरवट-पिवळी बुरशी धरते. तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, यकृताला घातक आहे आणि भाजल्याने पुरतं जात नाही. आम्ही शेंगा हलवून बघतो, आत दाणा खुळखुळ वाजला की वाळली. घरी दाणे निवडताना सुरकुतलेला, काळा पडलेला, आतून पिवळसर डाग असलेला दाणा सरळ फेका. कडू लागला तर गिळू नका, थुंका. "एका दाण्याने काय होतं" म्हणून ढोरांपुढेही टाकू नका, ते दुधात उतरतं.

दुसरं, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याच्या घरात डब्यातले दाणे आणि त्याहून आधी अक्रोड खवट होतात. वर्षाचे दाणे भरायचे असतील तर शेंगातच ठेवा, लागतील तसे फोडा. फोडलेले दाणे आणि अक्रोड फ्रिजमध्ये, घट्ट झाकणाच्या बरणीत.

आणि चारोळी विसरू नका. धडगाव, अक्कलकुवा भागात भिल्ल-पावरा बाया उन्हाळ्यात डोंगरात फिरून चारं, म्हणजे चारोळीची फळं, गोळा करतात, फोडून चारोळी काढतात. आपण ती फक्त श्रीखंडावर टाकतो. आमच्याकडे म्हाताऱ्या मंडळींना चमचाभर चारोळी भाजून देतात, चावायला मऊ.

खापर

श्रावणात कानबाईचा सण येतो तेव्हा काय करता ते कुणी लिहा ना. रोट, पुरणपोळी, खीर, आणि घरच्या रोटाला नाही म्हणणं सासूबाईंना जमत नाही.

पांझराकाठ

आमच्याकडे भावाने नियम केला. रोटाचा प्रसाद चतकोर, त्या दिवशी भाकरी-भात नाही, संध्याकाळी पांझरेच्या पुलापर्यंत चालून यायचं. तेवढे दोन दिवस दाण्याची वाटीही नाही, कारण पोटात जागा रोटाला दिली. दोन्ही खाल्लं तर हिशोब चुकतो, हे त्याला आता स्वतःलाच कळतं.

तापीतीर

बरोबर आहे. ३० ग्रॅम दाण्यांत १७० च्या आसपास उष्मांक असतात. ज्वारीच्या मध्यम भाकरीला ५० ग्रॅम पीठ लागतं, त्यातही जवळपास तितकेच. वाटी वाढवली आणि ताटातलं काहीच कमी केलं नाही तर महिन्या-दोन महिन्यांत वजनकाटा सांगतो.

ताई, एक विचारू का? तुम्ही आप्पांचं सगळं लिहिलंत. आईंची शुगर कधी तपासली?

गिरणाकाठ

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तपासली नव्हती. आप्पांच्या फाइलमध्ये ४० कागद आहेत, आईच्या नावाचा एकही नाही.

आसोदा_ते_ठाणे

ताई, मी आईला फोन केला. आता पुडा नेणार नाही, शेंगा भरून ठेवायला सांगितल्या. म्हणाली, शेंगा काय, त्या तर मी रोज खाईन.

गिरणाकाठ

तीन महिन्यांनी लिहिते आहे. काहींनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून इथेच सांगते.

आप्पांचं एचबीए१सी ८.३ वरून ७.६ वर आलं. एलडीएल ८८ चं ७९. किडनी आधीच तपासून घेतली होती, ठीक आहे. याचं श्रेय मी दाण्याला एकट्याला देणार नाही. टोस्ट, खारी, बिस्किटं घरातून गेली, सकाळी नदीच्या बांधापर्यंत चालणं सुरू झालं, आणि रात्रीची गोळी ते अधूनमधून विसरायचे ती आता मी स्वतः देते. डॉक्टरांनी गोळ्या तशाच ठेवल्यात. एलडीएल अजून उतरायला हवं म्हणाले, स्टेंट असलेल्यांना ते आणखी खाली लागतं, पुढच्या वेळी गोळीची ताकद वाढवू.

आईची तपासणी केली. उपाशीपोटी ११८. अजून शुगर नाही, पण उंबरठ्यावर. रिपोर्ट वाचून तिने पहिला प्रश्न केला की आता आप्पांचं वेगळं आणि माझं वेगळं असं दोनदा रांधायचं का. म्हटलं, नाही, जे त्यांना तेच तुला.

परवा बामणोदची वांगी मिळाली. काट्यांवर भाजली, ठेचली, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, लसूण, आणि वर्षभरानंतर दाणे. चुलीच्या धुराने डोळ्यांत पाणी येत होतं तरी आप्पा तिथून हलले नाहीत. पानं वाढली तेव्हा म्हणाले, "माले भूक लागनी, वाढ लवकर." खाताना काही बोलले नाहीत, दुसरी अर्धी भाकरी मात्र स्वतःच परत ठेवली.

खापर ताई, तुम्ही सांगितल्या तशा कुंकवाच्या वाट्या आमच्याकडेही निघाल्या. सकाळी ओट्यावर आता दोन वाट्या भरून ठेवते.